कॅन्सरच्या तपासणीला अणुभट्टी कशाला लागते? ट्रॉम्बे ते केज, एका औषधाचा प्रवास

समजा, केजमधल्या एका घरात खालाच्या छातीत गाठ निघाली. बायोप्सी झाली, रिपोर्टमध्ये कॅन्सर आला. डॉक्टर म्हणाले, "हाडांचा स्कॅन करून घ्या, आजार हाडांत गेलाय का ते आधी बघू." घरच्यांनी पैसे जमवले, गाडी ठरवली आणि मोठ्या शहरातल्या सेंटरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "या आठवड्यात आयसोटोप कमी आलाय, पुढच्या आठवड्यात या."

हा आयसोटोप म्हणजे काय? तो येतो कुठून? आणि गोळ्या-इंजेक्शनसारखा आधीच आणून का ठेवत नाहीत? फोनवर हे कुणी समजावून सांगत नाही. या प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की आपण थेट मुंबईच्या ट्रॉम्बेतल्या अणुभट्टीपर्यंत पोहोचतो. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये अशी एक नवी अणुभट्टी उभारण्याची घोषणा केली होती. ती नेमकी कशासाठी, आणि ती झाली तर केजसारख्या तालुक्यातल्या रुग्णाला काय मिळेल, हे या लेखात पाहू.

आयसोटोप म्हणजे काय?

एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू असतात. त्यांना आयसोटोप म्हणतात, शाळेच्या पुस्तकात समस्थानिक. त्यातले काही अणू अस्थिर असतात आणि किरण बाहेर टाकत टाकत शांत होतात. हे किरणोत्सारी आयसोटोप. डॉक्टरांना त्यांचा उपयोग दोन प्रकारे होतो.

पहिला, तपासणीसाठी. टेक्नेशियम-९९एम नावाचा आयसोटोप एका औषधाला जोडून शिरेतून देतात. हाडांकडे जाणारं औषध असेल तर ते हाडांत जमतं आणि त्यातून निघणारे किरण गॅमा कॅमेरा टिपतो. जिथे गडबड असते तिथे ठिपका दिसतो. हृदय, मूत्रपिंड, थायरॉईड यांचेही स्कॅन असेच होतात. जगभरातल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या तपासण्यांपैकी सुमारे ८० टक्के या एकट्या टेक्नेशियमवर चालतात.

दुसरा, उपचारासाठी. आयोडीन-१३१ तोंडाने दिलं की थायरॉईडच्या पेशी ते स्वतःकडे ओढून घेतात आणि त्याच्या किरणांनी आजारी पेशी मरतात. थायरॉईडचा कॅन्सर आणि थायरॉईड जास्त काम करण्याचा आजार, दोन्हींत ते वापरतात. ल्युटेशियम-१७७ हे प्रोस्टेटच्या आणि न्यूरोएंडोक्राइन नावाच्या गाठींवर वापरतात. कॅन्सर हाडांत गेल्यावर ज्या असह्य वेदना होतात, त्या कमी करायला समेरियम-१५३ देतात.

साठवून का ठेवता येत नाही?

किरणोत्सारी आयसोटोप दर क्षणाला कमी होत असतो. निम्मा संपायला जेवढा वेळ लागतो, त्याला अर्धायुष्य म्हणतात. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य सहा तास आहे. सकाळी सहाला १०० भाग असतील तर दुपारी बाराला ५०, संध्याकाळी सहाला २५ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जेमतेम सहा भाग उरतात. मुंबई ते केज हे अंतर सुमारे चारशे किलोमीटर. रात्रीच्या गाडीने टेक्नेशियम पाठवलं तर सकाळी पोहोचेपर्यंत बहुतेक वाटेतच संपलेलं असेल.

यावर शास्त्रज्ञांनी तोड काढली. टेक्नेशियम पाठवण्याऐवजी त्याची 'आई' पाठवायची. तिचं नाव मॉलिब्डेनम-९९. तिचं अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे पावणेतीन दिवस. ती हळूहळू मोडते आणि तिच्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं. शिशाच्या जाड कवचात ठेवलेल्या या उपकरणाला जनरेटर म्हणतात. रोज सकाळी त्यातून सलाईन सोडलं की टेक्नेशियम धुऊन बाहेर येतं आणि आई आतच राहते. गाईची धार काढावी तसं हे काम, म्हणून तिथले लोक जनरेटरला गंमतीने 'गाय' म्हणतात.

पण ही गायही लवकर आटते. आठवडाभरात मॉलिब्डेनमचा सहावा हिस्सा जेमतेम उरतो. म्हणून दवाखान्याला पुन्हा पुन्हा नवा जनरेटर लागतो. आयोडीन-१३१चं अर्धायुष्य आठ दिवस, ल्युटेशियम-१७७चं साडेसहा दिवसांच्या थोडं वर. यातलं काहीच गोदामात भरून ठेवता येत नाही. कुठेतरी एक भट्टी सतत चालू असावी लागते. ती बंद पडली की परिणाम आठवडाभरात दवाखान्याच्या दारात दिसतो.

अणुभट्टीत तो तयार कसा होतो?

वीज बनवणाऱ्या अणुभट्टीला उष्णता हवी असते. आयसोटोप बनवणाऱ्या भट्टीला न्यूट्रॉन हवे असतात. युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्या न्यूट्रॉनच्या माऱ्यात एखादा पदार्थ ठेवला की त्याचे काही अणू किरणोत्सारी होतात. टेल्युरियमपासून आयोडीन-१३१ आणि ल्युटेशियम-१७६पासून ल्युटेशियम-१७७ असं तयार करतात.

मॉलिब्डेनम-९९चे दोन रस्ते आहेत. एक, साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनचा मारा करायचा. हे सोपं, पण त्यातून मिळणारा माल पातळ, ताकद कमी. दुसरा, युरेनियमचा छोटा तुकडा भट्टीत ठेवायचा. युरेनियम-२३५चे १०० अणू फुटले की त्यातून सुमारे सहा मॉलिब्डेनम-९९चे अणू मिळतात. ते जाड भिंतींच्या बंद खोलीत यंत्राच्या हातांनी वेगळे काढतात. हा माल तेज असतो, जगातला मोठा व्यापार याच रस्त्याने चालतो. पण यात किरणोत्सारी कचरा जास्त निघतो आणि कामही घड्याळाशी शर्यत लावून करावं लागतं, कारण दर तासाला सुमारे एक टक्का माल आपोआप कमी होत असतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. प्रत्येक तपासणीला अणुभट्टी लागत नाही. पेट-सीटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा फ्लोरिन-१८ वापरतात. ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनतं आणि त्याचं अर्धायुष्य फक्त ११० मिनिटं असतं. रेडिएशनच्या मशीनमधलं कोबाल्ट-६० आपल्याकडे राजस्थानातल्या रावतभाटासारख्या वीज बनवणाऱ्या अणुकेंद्रांत तयार होतं. पण टेक्नेशियम, आयोडीन आणि ल्युटेशियम यांचा मोठा पुरवठा आजही संशोधन भट्ट्यांवरच अवलंबून आहे.

ट्रॉम्बेच्या भट्ट्या

या कामात महाराष्ट्र देशात सगळ्यात पुढे आहे. ४ ऑगस्ट १९५६ला ट्रॉम्बेत 'अप्सरा' सुरू झाली, ती आशियातली पहिली अणुभट्टी. १९६०मध्ये कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॅटची 'सायरस' आली. ८ ऑगस्ट १९८५ला १०० मेगावॅटची 'ध्रुव' पहिल्यांदा पेटली. सुरुवातीला तिच्या इंधनाच्या कांड्या थरथरायच्या, ती अडचण दूर करून पूर्ण ताकदीने चालायला १९८८ उजाडलं.

तयार झालेल्या आयसोटोपचं औषध करून दवाखान्यांना पाठवण्याचं काम वाशीतली 'ब्रिट' ही सरकारी संस्था करते. तिची स्थापना १९८९ची. रुग्णांच्या बाजूने पाहिलं तर परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून चालू आहे. म्हणजे तीन पिढ्यांपासून मराठी माणूस या औषधांचा फायदा घेतोय, फक्त त्याला नाव माहीत नाही.

अडचण पुढे आली. जुनी अप्सरा २००९मध्ये थांबवली, सायरस २०१०च्या शेवटी कायमची बंद झाली. त्यानंतर कित्येक वर्षं मुख्य भार एकट्या ध्रुववर होता. १० सप्टेंबर २०१८ला नवी अप्सरा, म्हणजे 'अप्सरा-यू', सुरू झाली. तिची ताकद २ मेगावॅट आहे आणि आयसोटोपचं उत्पादन वाढवणं हा तिचा एक मुख्य उद्देश आहे. ११ मे २०२३ला ट्रॉम्बेतच युरेनियमच्या रस्त्याने मॉलिब्डेनम-९९ काढणारा प्रकल्प पंतप्रधानांच्या हस्ते देशाला अर्पण झाला.

मग नवी भट्टी कशाला?

भट्टी वर्षभर अखंड चालत नाही. इंधन बदलायला, दुरुस्तीला, तपासणीला ती थांबवावी लागते. ध्रुव चाळीस वर्षांची झाली आहे आणि तिच्यावर संशोधनाचीही कामं आहेत. एकाच विहिरीवर सगळं गाव पाणी भरत असेल तर ती आटल्यावर काय होतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. दुसरी विहीर पहिली आटायच्या आधी खणावी लागते.

१६ मे २०२०ला, लॉकडाऊन चालू असताना, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी वैद्यकीय आयसोटोपसाठी सरकारी-खासगी भागीदारीत संशोधन भट्टी उभारण्याची घोषणा केली. कॅन्सर आणि इतर आजारांचे उपचार परवडणारे व्हावेत, असा उद्देश तेव्हा सांगितला गेला. त्याच काळात विमानं बंद पडल्यामुळे बाहेरून आयसोटोप मागवणाऱ्या देशांची अडचण झाली होती. जे औषध आठवडाभर टिकत नाही, ते परदेशातून आणण्यात काय धोका आहे, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

जगाचा अनुभव काय सांगतो?

कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरयू भट्टी १९५७पासून चालायची आणि जगाच्या मोठ्या हिश्श्याला मॉलिब्डेनम पुरवायची. मे २००९मध्ये तिच्यात गळती लागली. ती सुरू व्हायला ऑगस्ट २०१० उजाडला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१०मध्ये, नेदरलँड्समधल्या पेटेनची भट्टीही दुरुस्तीसाठी बंद करावी लागली. दोन मोठ्या भट्ट्या एकदम बंद. अनेक देशांत स्कॅन पुढे ढकलले गेले, डॉक्टरांना कोणत्या रुग्णाला आधी घ्यायचं ते ठरवावं लागलं.

कॅनडाने पर्याय आधीच तयार करायला घेतला होता. 'मेपल' नावाच्या दोन नव्या भट्ट्या खास आयसोटोपसाठी बांधल्या होत्या. पण त्या गणिताप्रमाणे वागेनात. ताकद वाढवल्यावर भट्टीने स्वतःला आवरायला हवं होतं, तिचा कल उलटा निघाला. शेवटी मे २००८मध्ये तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. एनआरयू ३१ मार्च २०१८ला कायमची बंद झाली.

ऑस्ट्रेलियाने १९९७मध्ये नवी भट्टी जाहीर केली. तिचं नाव 'ओपल', ती २००७मध्ये सुरू झाली. म्हणजे दहा वर्षं. पेटेनची जुनी भट्टी १९६१ची आहे, तिच्या जागी 'पॅलास' नावाची नवी भट्टी उभी राहतेय आणि तिच्या तयारीलाही दहा वर्षांहून जास्त काळ गेला.

यातून दोन गोष्टी कळतात. घोषणा झाली म्हणजे भट्टी झाली असं नाही. आणि जुनी भट्टी थकल्यावर नवीचा विचार करणाऱ्याला उशीर झालेला असतो.

"अणुभट्टी म्हटलं की जैतापूर आठवतं"

हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर प्रकल्पाला साखरी नाटेच्या मच्छीमारांनी विरोध केला, त्यात मुस्लिम कुटुंबं मोठ्या संख्येने होती. १८ एप्रिल २०११ला तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. फुकुशिमाची दुर्घटना होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. ती जखम विसरा असं कुणी सांगू नये.

पण दोन्ही गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. जैतापूरला सहा भट्ट्यांमधून एकूण ९९०० मेगावॅट विजेचा बेत होता. अप्सरा-यू २ मेगावॅटची आहे. तिचा गाभा पाण्याच्या खोल हौदात बुडालेला असतो. समुद्रात गरम पाणी सोडण्याचा आणि मासेमारी बुडण्याचा जो प्रश्न जैतापूरला होता, तो इतक्या लहान भट्टीत त्या प्रमाणात येत नाही. आयसोटोपसाठीची नवी भट्टी अप्सरेपेक्षा मोठी असू शकते, तरी वीज केंद्राच्या मानाने ती लहानच राहते.

म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत असं नाही. कचरा कुठे ठेवणार? अपघात झाला तर जबाबदारी कुणाची? खासगी भागीदार असेल तर तपासणी तेवढीच कडक राहील का? देशात यासाठी १९८३पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. भट्टी जिथे होईल तिथल्या लोकांना मंडळाचे निष्कर्ष त्यांच्या भाषेत मिळायला हवेत. विरोध करायचा की पाठिंबा द्यायचा, हे माहिती हातात आल्यावर ठरवावं.

केजपर्यंत काय पोहोचायला हवं?

आता खरा मुद्दा. उद्या नवी भट्टी सुरू झाली, तरी केजच्या खालाचा स्कॅन केजजवळ होईल का? नुसत्या भट्टीने होणार नाही.

भट्टी ही साखळीची पहिली कडी आहे. दुसरी कडी माल शुद्ध करणारा कारखाना. तिसरी, वेळेवर चालणारी गाडी आणि विमान. चौथी, दवाखान्यातला गॅमा कॅमेरा. पाचवी, न्यूक्लिअर मेडिसिनचा डॉक्टर, तंत्रज्ञ आणि किरणसुरक्षेचा माणूस. आयोडीनच्या मोठ्या डोससाठी सहावी कडीही लागते, ती म्हणजे खास वॉर्ड. तिथे रुग्णाच्या बाथरूमचं पाणी थेट गटारात सोडत नाहीत, किरण कमी होईपर्यंत वेगळ्या टाकीत साठवतात. यातली एक कडी नसली तरी रुग्णाला मुंबई-पुणे गाठावं लागतं.

आपल्या भागात आधाराच्या जागा आहेत. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कळंब-येरमाळ्यावरून बार्शीला गेलं की अभिनेत्री नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शीत १९८७पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणीचं काम चालतं, देशात खेड्यांतली ही पहिली नोंदणी. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. खेड्यातल्या माणसाला इलाज जवळ मिळावा म्हणून या संस्था उभ्या राहिल्या. आयसोटोपच्या बाबतीतही तोच विचार हवा.

म्हणून मागणी दोन तोंडी असायला हवी. एक, भट्टी लवकर व्हावी आणि भागीदारीच्या करारातच सरकारी दवाखान्यांसाठी परवडणारा दर ठरलेला असावा. उद्देश 'परवडणारा इलाज' असा सांगितला असेल तर तो कागदावर उतरायला हवा. दोन, मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत गॅमा कॅमेरा आणि माणसं वाढावीत. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली बाई एका स्कॅनसाठी तीन दिवसांची मजुरी बुडवून मुंबईला जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. ती जात नाही, ती दुखणं अंगावर काढते.

घरच्यांसाठी कामाच्या गोष्टी

* निघण्याआधी सेंटरला फोन करून विचारा: आयसोटोप आलाय का, आपली वेळ पक्की आहे का? वेळ चुकवू नका. तुमच्या नावाने काढलेला डोस दुसऱ्या दिवशी उपयोगाचा राहत नाही.

* महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा स्कॅन किंवा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

* बाई गरोदर असेल, शंका असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर लाजू नका, आधी सांगा. गरोदरपणी आयोडीन-१३१ देत नाहीत. ते घ्यायचं असेल तर बाळाला दूध पाजणं आधीच बंद करावं लागतं, आणि उपचारानंतर त्या बाळाला पुन्हा पाजता येत नाही. पुढचं मूल कधी, हेही डॉक्टरांना विचारून ठरवा.

* हाडांच्या स्कॅनमध्ये इंजेक्शननंतर दोन ते चार तास थांबावं लागतं आणि भरपूर पाणी प्यायला सांगतात. रमजानमध्ये तारीख आली तर डॉक्टरांना तसं सांगा. आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत आहे. तुमच्या बाबतीत काय करावं ते आलिमांना विचारा, पण तपासणी लांबवू नका.

* आयोडीनचा उपचार घेऊन आलेल्या माणसाने डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलं आणि गरोदर बायांपासून अंतर ठेवायचं असतं. तेवढे दिवस नमाज घरीच पढावी, खांद्याला खांदा लावून सफमध्ये उभं राहू नये. इयादतीला येणाऱ्यांनी फोनवर विचारपूस करावी. हे अंतर काही दिवसांचंच असतं. आजार संसर्गाचा नाही, हे शेजाऱ्यांनाही समजावून सांगा.

* उपचारानंतर थोड्याच काळात उमरा किंवा हजचा प्रवास असेल तर दवाखान्याचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. विमानतळावरची किरण ओळखणारी यंत्रं काही आठवड्यांनंतरही वाजू शकतात.

* हाडांच्या स्कॅनमधलं टेक्नेशियम एक-दोन दिवसांत जवळपास संपतं. त्याने केस गळत नाहीत, आणि घरच्यांना काही होत नाही.

परत खालाकडे येऊ. "पुढच्या आठवड्यात या" या उत्तरामागे कधी भट्टी बंद असते, कधी विमान चुकलेलं असतं, कधी कॅमेरा एकच आणि रुग्ण शंभर असतात. तुम्ही फोनवर शांतपणे कारण विचारा. जवळ दुसरं सेंटर आहे का तेही विचारा. आणि आमदार-खासदार गावात आले की रस्ता आणि पाण्यासोबत हाही प्रश्न टाका: आमच्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात गॅमा कॅमेरा कधी येणार?